म्हैसूर की तंजावर? दोघांच्या चार दिवसांचा हिशेब

मावसबहिणीचा फोन आला. मुलं आजीकडे ठेवून दोघंच कुठेतरी जाणार आहेत, चार दिवस. "बघायला काहीतरी हवं आणि खायला भरपूर हवं. माझं म्हैसूर ठरतच आलंय, पण हा तंजावर म्हणून अडून बसलाय. तू दोन्ही केलंयस ना, मग सांग." फोनवर जे सांगितलं त्यातलं निम्मं तिने ऐकलंच नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते. याच पेचात असलेल्या आणखी कुणाला उपयोग झाला तर चांगलंच.

आधी माझा कल सांगून टाकते, म्हणजे झुकतं माप कुठे पडतंय ते वाचताना कळेल. म्हैसूरला मी पाच वेळा गेले आहे. शाळेची सहल, मग आईबाबांबरोबर, लग्नानंतर दोनदा आणि एकदा बंगळुरूच्या कामाला जोडून. तंजावर दोनदाच, दोन्ही वेळा नवऱ्याबरोबर. मी खाण्यासाठी फिरते. नवरा एका कोरीव खांबासमोर अर्धा तास उभा राहतो आणि मग विचारतो, "जेवायची वेळ झाली का?"

म्हैसूरची अडचण अशी की ते फार ओळखीचं आहे. न गेलेल्यालाही राजवाडा, वृंदावन, चंदनाचा साबण आणि सिल्कची साडी तोंडपाठ असते. सहलीच्या बसवाले तर अख्खं म्हैसूर एका दिवसात उरकून देतात. तसं पाहिलं असेल तर "झालंय की ते बघून" असं वाटणारच. पण ती यादी बाजूला ठेवून गेलं तर हे गाव दोघांना हवं तसं वागू देतं. 770 मीटर उंचीवर असल्याने हवा सोसवते, रस्ते रुंद आहेत, झाडं आहेत. दुपारी चारला बाहेर पडून नुसतं चालत सुटावं असं वाटणारी शहरं आता फार उरली नाहीत, त्यातलं हे एक.

तंजावर अशी मोकळीक देत नाही. कावेरीच्या सपाट मैदानातलं, उन्हाचं गाव. गावात शिरताना पहिल्यांदा निराशाच होते: बसस्टँड, गर्दी, धूळ, फलक. बृहदीश्वराचं देऊळ दिसेपर्यंत "इथे कशाला आलो" हा प्रश्न मनात घोळत राहतो. आणि ते दिसलं की पुढचा तासभर कुणी काही विचारत नाही.

त्या देवळाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण तंजावरची सगळी भिस्त त्याच्यावर आहे. राजराज चोळाने ते 1010 साली पूर्ण केलं. गाभाऱ्यावरचं विमान, म्हणजे शिखर, दोनशे फुटांहून उंच, आणि सगळं ग्रॅनाइट. या भागात जवळपास असा दगड मिळत नाही, तो लांबून आणलेला. तुलनेसाठी म्हणून सांगते, म्हैसूरचा आजचा राजवाडा 1912 साली पुरा झाला. आधीचा लाकडी वाडा 1897 साली राजघराण्यातल्या लग्नाच्या धामधुमीत जळाला, मग हेन्री अर्विन या ब्रिटिश वास्तुविशारदाकडून हा बांधून घेतला. म्हणजे दोन वास्तूंत नऊशे वर्षांचं अंतर. राजवाडा सुंदर आहे, त्यातलं रंगीत काचांचं कल्याणमंडप मला प्रत्येक वेळी आवडतं, पण रांगेत पुढे सरकत सरकत तो तासाभरात बघून होतो. बृहदीश्वराला सकाळी सहाला जा, दगड पिवळसर असताना. संध्याकाळी पुन्हा जा, तेव्हा आवारात गावातली कुटुंबं डबे घेऊन बसलेली असतात आणि पोरं पळत असतात. दुपारी मात्र जाऊ नका. गाभारा बंद असतो आणि अनवाणी पायांना तापलेली फरशी सोसत नाही. पहिल्या खेपेला आम्ही बरोबर साडेबाराला पोचलो होतो आणि सावलीच्या पट्ट्यांवरून उड्या मारत प्रदक्षिणा पूर्ण केली. विमानाची सावली जमिनीवर पडत नाही, असं वाटाडे सांगतात. पडते. आम्ही तिच्यातच उभे होतो.

मराठी माणसासाठी या देवळात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्या नवऱ्याच्या बाजूने मला एवढं मान्य करावंच लागतं की ती म्हैसूरकडे नाही. आवाराच्या नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर देवनागरीत, मराठीत, भोसले घराण्याचा इतिहास कोरलेला आहे. 1803 साली, दुसऱ्या सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्यापासून तंजावरात मराठ्यांची गादी सुरू झाली ती 1855 पर्यंत टिकली. चोहोबाजूंना तमिळ शिलालेख, आपल्याला एक अक्षर लागत नाही, आणि एका वळणावर अचानक वाचता येणारा मजकूर समोर येतो. नवरा बोट फिरवत एकेक शब्द लावत बसला. मीही बसले, भूक लागली होती तरी. गावातल्या राजवाड्यात चोळकालीन पंचधातूच्या मूर्ती आहेत, मराठ्यांचा रंगीत दरबार आहे आणि सरस्वती महाल ग्रंथालयाचं छोटं संग्रहालयही आहे. या ग्रंथालयात मोडीतली कागदपत्रं गठ्ठ्यांनी आहेत, पण हौशी पाहुण्याला संग्रहालयातल्या काचेच्या पेट्यांवर समाधान मानावं लागतं. राजवाड्याची इमारत मात्र बरीच पडझडीला आलेली, हे मनाशी धरून जा.

आपला माणूस म्हैसूरलाही भेटतो, फक्त तो कुणाला ठाऊक नसतो. जगनमोहन पॅलेसच्या चित्रसंग्रहात हातात समई घेतलेल्या, प्रकाश बोटांतून झिरपणाऱ्या बाईचं जलरंगातलं चित्र आहे. लोक ते राजा रविवर्म्याचं समजून फोटो काढतात. ते सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे, आणि चित्रातली बाई म्हणजे त्यांची मुलगी. बसवाले हा संग्रह बहुधा वगळतात. तुम्ही वगळू नका.

आता खाणं. इथे मी तटस्थ नाही.

म्हैसूरला दिवस खाण्याभोवती आखता येतो. सकाळी नजरबादला मायलारीचा डोसा: हातभर कुरकुरीत कागद नव्हे, छोटा, जाडसर, मऊ, वर लोण्याचा गोळा, आत सागू (भाज्यांची दाटसर रस्साभाजी), बाजूला खोबऱ्याची चटणी. सांबार मागू नका, मिळत नाही. मायलारी नावाची दोन दुकानं जवळजवळ आहेत आणि खरं कोणतं यावर गावात दोन तट आहेत. आम्ही दोन्हीकडे खाल्लं आणि घरातही दोन तट पडले. (आपल्याकडे "म्हैसूर मसाला" म्हणून बीट, गाजर, भोपळी मिरची घातलेलं जे काही तव्यावर रगडतात त्याचा म्हैसूरशी फारसा संबंध नाही. तिथे आतून लाल चटणी फासतात, एवढंच.) मग देवराज मार्केट. मोगऱ्याच्या गजऱ्यांचे ढीग, कुंकवाचे रंगीत डोंगर, विड्याची पानं आणि मिळालीच तर नंजनगूडची रसबाळे केळी. मार्केटमधून बाहेर पडलात की सय्याजीराव रोड, म्हणजे आपले बडोद्याचे सयाजीराव. त्याच रस्त्यावर गुरू स्वीट्स आहे. म्हैसूरपाक ज्यांनी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात पहिल्यांदा केला असं मानतात त्या काकासुर मादप्पांच्या वंशजांचं हे दुकान. गरम असतानाच एक तुकडा उभ्याउभ्या खा, घरी आणलेला डबा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. दुपारी केळीच्या पानावर आंध्र पद्धतीचं जेवण गांधी चौकाजवळच्या आरआरआरमध्ये. मटण खाणारे असाल तर मंडी मोहल्ल्यात हनुमंतूचा पुलाव. यातलं बहुतेक सगळं पायी किंवा थोड्याशा रिक्षाच्या अंतरात, आणि दोघांत एक प्लेट मागवत गेलं तर दिवसाला पाच ठिकाणं होतात.

तंजावरला असं दुकानांचं वेड लावणारं खाणं मला सापडलं नाही. जेवण उत्तम मिळतं, पण ते मेसमधलं, पानावरचं, मुकाट्याने वाढलं जाणारं: सांबार, वत्तल कुळंबु, रसम, कूट्टु, ताक. दुपारी एकला आत जावं, दोनला जड होऊन बाहेर यावं. सांबार तंजावरच्या मराठी दरबारात जन्मलं, आमसुलं संपली म्हणून चिंच घातली गेली, ही कथा तिथे आवडीने सांगतात. कथाच ती, पण तिथलं सांबार खाताना ऐकायला बरी वाटते. खरी खाण्याची मजा चाळीस किलोमीटरवर कुंभकोणमला. तिथे इडलीबरोबर कडप्पा मिळतो, मूगडाळ आणि बटाट्याचा पांढरट, खसखशीच्या अंगाचा रस्सा. तो सगळीकडे आणि रोज मिळत नाही, सकाळी विचारावं लागतं. आणि कॉफी. पितळी डबऱ्यात, पाणी न घातलेल्या दुधाची, ताज्या डिकॉक्शनची डिग्री कॉफी. कुंभेश्वर देवळाजवळच्या मंगलांबिका विलासमध्ये आम्ही एकेक प्यायलो, बाहेर पडलो, रस्ता ओलांडला आणि परत आत गेलो. म्हैसूरची कॉफीही चांगली असते, पण इथे मी तंजावरकडून मत देईन. तिरुवैयारूचा अशोका हलवाही आणा. मूगडाळीचा, केशरी, तुपाने ओथंबलेला. कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांची समाधी त्याच गावात कावेरीकाठी आहे, तेव्हा एका रिक्षात दोन्ही कामं होतात.

गावाबाहेरच्या फेऱ्यांत दोन्ही गावं बरोबरीची आहेत. म्हैसूरहून सोमनाथपूर, साधारण 35 किलोमीटर. तेराव्या शतकातलं होयसळ देऊळ, आकाराने लहान, कोरीवकामाने गच्च, गर्दी जवळजवळ नाही. 2023 साली बेलूर आणि हळेबीडबरोबर ते जागतिक वारसा यादीत आलं. परतताना श्रीरंगपट्टण. चामुंडीच्या टेकडीवर गाडीने जा आणि पायऱ्यांनी उतरा, वाटेतला मोठा नंदी उतरताना निवांत बघता येतो. वृंदावन गार्डन मात्र माझ्या मते सोडून द्या. संध्याकाळ जाते, पाय दुखतात आणि कारंजी दिसण्याआधी माणसांच्या पाठी दिसतात. त्यापेक्षा रविवारी संध्याकाळी राजवाड्याचे दिवे बघा, लाखभराच्या आसपास दिवे एकदम लागतात. म्हणून चार दिवसांत एक रविवार येईल असं पाहा. तंजावरच्या बाजूने दारासुरम हवंच. तिथलं ऐरावतेश्वराचं देऊळ बृहदीश्वराच्या मानाने लहान आहे आणि कोरीवकाम पाहायचं तर मला ते जास्त आवडलं. गाडी असेल तर गंगैकोंडचोळपुरमपर्यंत जा, सत्तरेक किलोमीटर आहे. वाटेत स्वामीमलैला मेणाच्या साच्यातून मूर्ती ओततात ते बघायला मिळतं.

पोचण्यात म्हैसूर सरळ जिंकतं. पुण्या-मुंबईहून बंगळुरूचं विमान, पुढे नव्या महामार्गाने किंवा रेल्वेने अडीच-तीन तास. दादरहून थेट शरावती एक्स्प्रेसही आहे, आठवड्यातून एकदाच. तंजावरला जवळचा विमानतळ तिरुचिरापल्ली, तिथून साठेक किलोमीटर. चेन्नईवरून गेलात तर रेल्वेने सहाएक तास. चार दिवसांत जाण्यायेण्यात एक पूर्ण दिवस गेला तर उरतं काय, हे आधी मोजा. राहायला म्हैसूरला सगळ्या भावांत जागा मिळते. तंजावरला मधल्या भावात निवड कमी. आमची पहिली खोली देवळापासून दोन मिनिटांवर म्हणून घेतली आणि रात्रभर बसचे भोंगे ऐकले. दुसऱ्या खेपेला गावाबाहेर नदीच्या बाजूला राहिलो, ते सुखाचं झालं.

आणि हवामान, जे मावसबहिणीने धरलंच नव्हतं. ती दिवाळीनंतर जाणार आहे. त्या दिवसांत तमिळनाडूत परतीचा नव्हे, त्यांचा मुख्य पाऊस असतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. देवळाच्या उघड्या आवारात छत्री धरून फिरायचं आणि कुंभकोणमचे रस्ते तुंबलेले. उलट म्हैसूरला दसऱ्याची गर्दी सरलेली, दर उतरलेले, सकाळी अंगावर शाल घ्यावी इतपत गारवा. म्हणून तिला मी म्हैसूरच सांगितलं, तिचा नवरा कितीही रुसला तरी.

त्या नवऱ्यासाठी मात्र जानेवारी राखून ठेवा. पोंगलच्या सुमाराला तंजावरची हवा बरी असते, आणि माट्टू पोंगलच्या, म्हणजे गुराढोरांच्या पूजेच्या दिवशी बृहदीश्वरासमोरच्या प्रचंड नंदीला भाज्यांनी आणि फळांनी नखशिखांत सजवतात. वांगी, काकड्या, मुळे, केळी, सगळं त्याच्या अंगावर. तिकिटं आणि खोल्या दोन महिने आधी घ्या. अनवाणी फिरताना जाड मोजे चालतात, ते पिशवीत टाका.

कुणाकडे आठवडा असेल तर एक युक्ती आहे: म्हैसूर ते तंजावर रात्रीची थेट रेल्वेगाडी आहे. मायलाडुतुरैकडे जाणारी, कुंभकोणमलाही थांबते. आधी म्हैसूर करा, मग तंजावर. उलट केलंत तर बृहदीश्वर पाहून आलेल्या माणसाला राजवाडा केकसारखा दिसतो. माझ्या नवऱ्याला दिसला, आणि तो ते मोठ्याने बोलला, तेही रांगेत.