दहा महिने हँडीकॅम वापरल्यावर

“फोन असताना हे डबडं कशाला?” डिसेंबरात कॅमकॉर्डर घरी आला तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न हाच होता. धड उत्तर माझ्याकडेही नव्हतं. मेव्हणा न्यू जर्सीहून येणार होता, तिकडे स्वस्त पडत होता, म्हणून मागवला. हँडीकॅम हे खरं तर सोनीने ठेवलेलं नाव, पण आपण झेरॉक्ससारखं ते सगळ्यांनाच लावतो. माझ्या कॅमेऱ्याची कंपनी मुद्दाम सांगत नाही. फोर-के, २० पट ऑप्टिकल झूम आणि करंगळीच्या नखापेक्षा लहान सेन्सर (उजेड टिपून चित्र बनवणारी चिप), एवढं कळलं तरी पुरे.

आधी चूक सांगतो, कारण ती माझी मलाच महागात पडली. घरी सत्यनारायण होता, हॉलमध्ये जुनी चोकवाली ट्यूबलाइट. टीव्हीवर लावून बघतो तर गुरुजींच्या अंगावरून काळसर पट्टे सरकतायत. कॅमेरा बिघडला असंच वाटलं. बिघडला नव्हता, अमेरिकन होता. तिकडची वीज ६० हर्ट्झची, म्हणून तो सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, घेतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. दोघांचा ताल जुळत नाही. इकडच्या मॉडेलमध्ये २५ आणि ५० फ्रेम मिळतात, माझ्या मेनूत तो पर्यायच नाही. उपाय सापडला तो शटर हाताने १/१०० वर ठेवायचा, म्हणजे प्रत्येक चित्राला सेकंदाचा शंभरावा भाग उजेड. पट्टे जातात, पण चित्र अंधारतं, आणि कमी उजेडात या लहान सेन्सरचा आधीच जीव जातो. तेव्हा परदेशातून कोणी आणून देतो म्हणालं तर आधी ५० हर्ट्झवर चालतो का ते विचारा. नाही म्हणाला तर त्याला बदाम-पिस्तेच आणायला सांगा.

जानेवारीत मुलीच्या शाळेचं गॅदरिंग. इथे मात्र बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. अडीच तास कार्यक्रम, आम्ही चौदाव्या रांगेत. शेजारच्यांचे फोन तासाभरात तापले, कोणाला मध्येच कॉल आले, कोणाची मेमरी भरली. बऱ्याच जुन्या फोटो कॅमेऱ्यांत २९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर रेकॉर्डिंग आपोआप थांबतं. अर्धा तास ओलांडला की युरोपात तो व्हिडिओ कॅमेरा धरला जायचा आणि जास्त आयातकर लागायचा, त्याची ही मेहेरबानी. कॅमकॉर्डरला ते बंधन नाही. तो ट्रायपॉडवर निवांत चालू होता आणि चौदाव्या रांगेतून लेकीच्या नाकातली चमकी दिसत होती.

आवाजाचं काय? झूम केल्याने चित्र जवळ येतं, आवाज जागच्या जागी राहतो. “महाराज, गनीम आला!” हे लेकीचं एकुलतं एक वाक्य पुसट आलंय, आणि मागच्या काकूंनी वेफर्सचं पाकीट कसं फोडलं ते स्पष्ट. बाहेरून माइक जोडायची सोय असेल तोच कॅमेरा घ्या. वाऱ्यासाठी माइकवर चढवायचं केसाळ टोपडं मिळतं, तेही घ्या.

आषाढी वारीला दिवेघाटात गेलो, माउलींची पालखी पुण्याहून सासवडला चढते त्या दिवशी. वरच्या वळणावर उभं राहून खालच्या गर्दीवर झूम केला. डोक्यावर तुळस घेतलेली एक आजी, एक हात वृंदावनाला, दुसऱ्याने पदर सावरतेय, ओठ हलतायत. एवढ्या लांबून, हातात धरून, आणि चित्र हललं नाही. लेन्सच्या आतली स्थिरता म्हणजे काय ते त्या दिवशी समजलं. फोनमध्ये त्याच जागेवरून आजीचा नुसता रंगीत ठिपका आला. पण ढग फाटून ऊन पडलं आणि स्क्रीनवर माझंच तोंड दिसायला लागलं. डोळा लावायचा व्ह्यूफाइंडर पैसे वाचवायला सोडला होता. शेवटी डोक्यावरून टॉवेल ओढून जुन्या स्टुडिओवाल्यासारखा उभा राहिलो. दोन वारकऱ्यांनी “माउली, बरं वाटत नाही का?” असं विचारलं.

जागेचा हिशोब दुकानदार सांगत नाहीत. सेकंदाला १०० मेगाबिटवर फोर-के घेतलं तर तासाला ४५ जीबी. त्यासाठी यू३ लिहिलेलं, म्हणजे जलद साठवणारं, कार्ड लागतं, साध्या कार्डावर माझा कॅमेरा त्या दर्जाला सुरूच होत नाही. घरगुती चित्रणासाठी मी आता ६० मेगाबिटवर आलोय, तासाला २७ जीबी. आमच्या टीव्हीवर तरी फरक दिसला नाही. सगळं दोन हार्ड डिस्कवर ठेवतो. भावाचं लग्न मिनी-डीव्ही या जुन्या छोट्या व्हिडिओ टेपवर आहे आणि ती चालवायला घरात काहीच उरलेलं नाही, म्हणून ही धास्ती. कॅमेरा पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात असतो, नाहीतर लेन्सला बुरशी धरते.

गणपतीत ट्रायपॉड फ्रिजशेजारी लावला आणि आईला सांगितलं, तू मोदक कर, इकडे बघू नकोस. पहिली दहा मिनिटं ती टीव्हीवरच्या बाईसारखी बोलत होती. मग कॅमेरा विसरली. पन्नास मिनिटांचं सलग चित्रण आहे, त्यात उकड मळताना पाण्याचा हात किती वेळा घेतला ते मोजता येतं, आणि चाळिसाव्या मिनिटाला बायकोला बजावलेलंही आहे, “अगं, पारी अजून पातळ कर, ही काय भाकरी आहे का?”

बायको म्हणते तेवढं कापून टाक. नाही कापलं.