बर्डीवरचा रिपेरिंग क्लास: शनिवारसाठी साडेतीन स्टार

हवाई दलात रडारच्या देखभालीत माझी 20 वर्षं गेली, ट्रेनिंग बंगळुरूच्या जालहळ्ळीला झालं. म्हणून भाच्याला नागपुरात बर्डीवरच्या इलेक्ट्रॉनिक्स रिपेरिंग क्लासला घालण्याआधी दोन दिवस मीच मागच्या बाकावर बसलो. तीन महिने, 14 हजार.

शुक्रवारी मन उठलं. सोल्डरिंग बरं शिकवतात, पण पुढे सगळं 'हे कार्ड गेलं की हे टाका'. असा पोट्टा पार्ट बदलतो, बिघाड शोधत नाही.

शनिवारी मात्र सरांनी एलईडी टीव्हीचा पॉवर सप्लाय मुद्दाम बिघडवून टेबलावर ठेवला. एक जण लगेच आयसी, म्हणजे त्यातली मुख्य चिप, उपटायला निघाला. सर म्हणाले, "काहून काढून राहिला बे? मोजलं का आधी?" मला आमचे जालहळ्ळीचे सार्जंट आठवले. तेही रात्री ट्रेनर सेटमध्ये फॉल्ट घालून ठेवायचे आणि सकाळी हातात फक्त ब्लॉक डायग्राम द्यायचे. 16 टप्पे ओळीने असतील तर सिग्नल आधी मधोमध बघायचा. तिथे ठीक असेल तर अलीकडचे आठ सुटले. उरलेल्यांच्या पुन्हा मधोमध बघायचं, असं करत चार मोजण्यांत फॉल्ट सापडतो.

इथे मोठ्या कपॅसिटरवर 320 व्होल्ट डीसी मिळाले, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरपर्यंत सगळं ठीक. आयसीच्या सप्लाय पिनवर शून्य. आयसीला सुरुवातीचा सप्लाय देणारा मधला स्टार्टअप रेझिस्टर वरून धडधाकट दिसत होता, पण सरांनी त्याचा एक पाय बोर्डाखालून सोडवून ठेवला होता. आयसीला काहीच झालं नव्हतं.

तक्रारी दोन. सप्लाय बंद केल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये चार्ज असतो, तो आधी रिकामा करा हे कोणी सांगेना. शेवटी मीच मागून ओरडलो. दुसरी, अंगावरची स्टॅटिक वीज जमिनीत सोडणारा मनगटाचा अर्थिंगचा पट्टा तीस पोरांत एक, तोही खिळ्याला टांगलेला. बोटाला चटका जाणवतो तेव्हा स्टॅटिक तीनेक हजार व्होल्टच्या घरात असतं, काही आयसी खराब व्हायला शंभरही पुरतात. वर तो आयसी लगेच मरेल असंही नाही, गिऱ्हाईक महिन्याने परत येतं. मे महिन्यात कूलरच्या दमट हवेने निभावून जातं, पण जानेवारीत इथे स्वेटर काढला तरी ठिणग्या उडतात.

फॉल्टची नोंदवहीही नाही, अर्धा स्टार त्याचा कापला. भाच्याला घातलं आहे. पट्टा घरून दिला, शनिवारी दांडी मारायची नाही म्हटलं.