मातीच्या जुन्या धरणाचा पाझर: ग्राउटिंग करावं की फिल्टर?

गावाचं पिण्याचं पाणी जुन्या मातीच्या धरणावर अवलंबून असेल आणि धरणाच्या मागच्या, म्हणजे तलावाच्या उलट बाजूच्या, पायथ्याशी ओल दिसायला लागली की फिरून फिरून हेच दोन पर्याय समोर येतात, माथ्यावरून बोअर मारून सिमेंट-बेंटोनाइट (बेंटोनाइट म्हणजे पाण्याने फुगणारी चिकणमाती) भरायचं, म्हणजे ग्राउटिंग, किंवा पायथ्याशी वाळू-खडीचा फिल्टर टाकून टो ड्रेन, म्हणजे पायथ्याची निचरा नाली, काढायची. पाण्याकडच्या बाजूने अस्तर करायचंही आमच्याकडे बोललं गेलं होतं, पण त्याला तलाव खाली करावा लागतो, मग लोकांनी प्यायचं काय? आणि घाईने पाणी उतरवलं तर आतला ओला भराव घसरतो.

आम्ही आधी ग्राउटिंग केलं. काम पटकन उरकलं, पाझर थांबला, सगळे निवांत झाले. दोनेक महिन्यांनी जुन्या जागेपासून वीस पावलांवर गवतात पुन्हा पाय बुडायला लागला. पाणी परत आलं याचं एवढं वाटलं नाही, पण किती पोती भरली याचा हिशोब होता आणि ती आत नेमकी कुठे गेली हे कुणालाच सांगता येईना, ते मला फार लागलं. त्यात प्रेशर जास्त झालं तर धरणाच्या गाभ्यालाच (मधल्या, पाणी अडवणाऱ्या चिकणमातीच्या भागाला) चीर पडू शकते.

फिल्टर पाणी अडवत नाही, माती अडवतो. मातीचं धरण थोडंफार पाझरणारच, खरी भीती पाण्याबरोबर माती निघायला लागली की, कारण मग आतली पोकळी मागे मागे तलावाकडे वाढत जाते. अमेरिकेतलं टीटन धरण तर नवंकोरं होतं, पहिल्यांदाच भरत होतं, 5 जून 1976 ला सकाळी गढूळ पाणी दिसलं आणि दुपारी बाराच्या आत धरण फुटलं.

मी तेव्हा पाझराचं पाणी काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवायचो, सकाळी तळाला पिवळसर थर बसलेला असायचा. फिल्टर झाल्यापासून तळ स्वच्छ दिसतो, आणि सगळं पाणी एकाच नालीतून व्ही-नॉचवर (प्रवाह मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेवर) येतं त्यामुळे रोज मोजता येतं.

अर्थात पाणी वाया जातंच, आणि वाळू धुतलेली, योग्य जाडीची मिळवायला जीव जातो (ओली वाळू मुठीत दाबून सोडली की तळहाताला चिखल राहायला नको). तुमचा पाझर पायाखालच्या खडकाच्या भेगांतून असेल तर ग्राउटिंगच बरोबर ठरेल कदाचित, ते इंजिनियरने जागेवर बघूनच सांगावं. पण पाझर भरावातून असेल तर मी तरी आधी फिल्टरच करेन.

आता तलाव भरला की आमचं रीडिंग चढतं, उतरला की उतरतं, तेवढं चालायचंच. तलावाची पातळी तीच असताना रीडिंग वाढलं किंवा बाटलीत थर दिसला तर त्याच दिवशी इंजिनियरला बोलवायचं असं ठरवून ठेवलंय.