रिमोट डेस्कटॉपचं लायसन्स पर यूजर का पर डिव्हाइस? आधी डोमेन आहे का ते पाहा

मागच्या महिन्यात हिंगणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपवाल्या भाऊंचा फोन, "काऊन भाऊ, दर तासाला सगळे बाहेर फेकले जातात, नेटचा प्रॉब्लेम आहे का?" नेट मस्त चालू होतं. विंडोज सर्व्हर २०१९, वर्कग्रुपवर (म्हणजे डोमेन नाही, प्रत्येक मशीनची खाती वेगळी), आणि विकणाऱ्यानं बिनधास्त पर यूजर कॅल टाकून दिलेले. कॅल म्हणजे रिमोट डेस्कटॉपनं सर्व्हरवर काम करायचं लायसन्स, पर यूजर म्हणजे माणसामागे एक, पर डिव्हाइस म्हणजे मशीनमागे एक. आता पर यूजर कॅलची नोंद ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनच्या खात्यांच्या यादीत, यूजरच्या खात्यावर होते, इथे डिरेक्टरीच नाही, मग सर्व्हर ६० मिनिटांची वॉर्निंग देतो आन सेशन तोडतो. लायसन्स ओरिजिनल, पैसे भरलेले, तरी काम ठप्प.

त्यामुळे डोमेन नसेल अन टाकायचंही नसेल तर विषयच संपला, पर डिव्हाइस घ्या.

डोमेन असेल तर मग माणसं मोजा आणि मशीन मोजा. बुटीबोरीत तीन पाळ्यांचा कारखाना धरा, ८ टर्मिनल आणि २४ ऑपरेटर, तिथे पर डिव्हाइसचे ८ पुरतात, पर यूजर २४ लागतील. धरमपेठेतल्या सीएच्या ऑफिसात उलटं, माणसं ६ पण प्रत्येकाचा ऑफिसचा पीसी, लॅपटॉप, घरचा पीसी, आणि रिटर्नच्या सीझनला रात्री मोबाइलवरूनही टॅली उघडणार, तिथे पर यूजर ६ मध्ये भागतं. दोन्ही प्रकार एकाच लायसन्स सर्व्हरवर (जो कॅल सांभाळतो आणि वाटतो) ठेवता येतात, पण एका सेशन होस्टला (ज्या सर्व्हरवर लोक लॉगिन करून काम करतात) मोड एकच.

पर डिव्हाइसची कटकट वेगळी आहे बरं का. मशीन पहिल्यांदा जोडलं की ९० दिवसांचा तात्पुरता कॅल मिळतो, दुसऱ्यांदा लॉगिन झालं की पक्का. लॅपटॉप भंगारात गेला तरी त्याचा कॅल अडकून राहतो, ५२ ते ८९ दिवसांत कधीतरी सुटतो, हातानं काढायचा तर एका वेळी २० टक्केच, म्हणजे ८ असतील तर एकच! एखादाच पीसी लायसन्सची एरर देत असेल तर त्याच पीसीवरच्या रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली) 'एमएसलायसन्सिंग' नावाची नोंद बॅकअप घेऊन डिलीट करा आणि रिमोट डेस्कटॉप एकदा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, हे शेवटचं लोक हमखास विसरतात आन मग म्हणतात काही फरक नाही पडला. पर यूजरला ही झंझट नाही, उलट तो आकड्याच्या वर गेलात तरी अडवत नाही, १० घेऊन १५ जण बसले तरी चालतं, पण तो कराराचा भंगच, ऑडिटमध्ये निघेल.

फसवतो तो १२० दिवसांचा ग्रेस पिरियड. तोवर सगळं फुकटात चालतं, त्यामुळे चुकीची खरेदी चार महिन्यांनी कळते. आणि २०१९ चे कॅल २०२२ च्या सर्व्हरला चालत नाहीत, उलटं चालतं, म्हणून घ्यायचेच तर नवीन व्हर्जनचे घ्या. विंडोज सर्व्हरचे साधे कॅल वेगळे लागतात तेही कोटेशनमध्ये आहेत का पाहून घ्या, बहुतेकदा नसतात.

हिंगण्याच्या भाऊंकडे १४ माणसं आन पीसी ५, त्यामुळे डोमेनच्या भानगडीत न पडता पर डिव्हाइसच घेतले. टाकल्यावरही लायसन्सिंग डायग्नोझर (सर्व्हरवरचं लायसन्स तपासायचं टूल) लालच दाखवत होता, अर्धा तास डोकं खाजवलं, निघालं काय तर ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या नियमांच्या सेटिंगमध्ये) मोड अजून पर यूजरच होता.