रीडिझाइन करताना जुने यूआरएल ठेवायचे की नवे करून ३०१ लावायचे?

रीडिझाइन ठरलं की बैठकांमागून बैठका होम पेजच्या बॅनरवर खर्ची पडतात. यूआरएलचा, म्हणजे पानांच्या पत्त्यांचा, विषय निघतो तो साइट लाइव्ह जायच्या तोंडावर. तोवर डेव्हलपरने नव्या सीएमएसच्या (साइटचा मजकूर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सोयीचे पत्ते बनवून टाकलेले असतात आणि गूगलमधल्या रँकिंगचं काय होणार, या प्रश्नावर ‘रीडायरेक्ट टाकू ना’ एवढंच उत्तर मिळतं.

मी दोन्ही प्रकारे साइट हलवल्या आहेत: कधी जुने पत्ते जसेच्या तसे ठेवून, कधी सगळी रचना बदलून आणि जुन्यावरून नव्यावर ३०१ लावून, म्हणजे जुना पत्ता उघडला की कायमचं नव्यावर नेणारा रीडायरेक्ट टाकून. रँकिंग दोन्हीकडे टिकू शकतं. साइटमॅप (पानांची यादी) नवा द्या, कॅनॉनिकल (पानाचा मुख्य पत्ता सांगणारी खूण) तपासा, स्टेजिंगवरचा, म्हणजे चाचणीच्या साइटवरचा, नोइंडेक्स (‘गूगलमध्ये दाखवू नका’ ही सूचना) काढा, ही कामं कुठल्याही मार्गाने गेलात तरी चुकत नाहीत, म्हणून ती बाजूला ठेवतो.

आधी नव्या रचनेची बाजू, कारण ती वाटते तितकी लंगडी नाही. रीडायरेक्टमधून रँकिंग ‘गळतं’ ही भीती आता जुनी झाली. ३०१, ३०२ (तात्पुरता रीडायरेक्ट) वगैरेंमुळे पेजरँक, म्हणजे दुव्यांवरून गूगल पानाला देतं ते वजन, घटत नाही, असं गूगलचे गॅरी इलिस यांनी २०१६ मध्येच जाहीरपणे सांगितलं होतं. एका पानाला एक पान असा चोख नकाशा केला, तर मध्यम आकाराची साइट काही आठवड्यांत नव्या पत्त्यांवर स्थिरावते. मधल्या काळात आकडे वरखाली होतात, क्लायंट रोज फोन करतो, पण माझ्या अनुभवात गाडी बहुतेक वेळा रुळावर आलेली आहे.

आणखी एक फायदा कुणी फारसा बोलून दाखवत नाही. नकाशा करायचा म्हणजे प्रत्येक जुनं पान उघडून पाहावं लागतं. गूगलच्या सर्च कन्सोलमधून मिळते ती १६ महिन्यांची माहिती, सर्व्हरचे लॉग, सीएमएसची यादी, क्रॉलरने (साइटभर फिरणाऱ्या प्रोग्रामने) गोळा केलेले पत्ते, हे सगळं एका शीटमध्ये आलं की एकाच विषयावरची तीन-तीन अर्धवट पानं समोर येतात. ती एकत्र केली की पुष्कळदा जुन्यापेक्षा बरं रँकिंग मिळतं. मात्र ‘जुळणारं पान सापडत नाही, होम पेजवर पाठवून देऊ’ हा मोह आवरायला हवा. असे घाऊक रीडायरेक्ट गूगल सॉफ्ट ४०४, म्हणजे ‘पान नाहीच’ असं, धरू शकतं आणि मग त्या पानाची पुण्याई तिथेच संपते.

तरी मी जुने पत्ते ठेवण्याकडे झुकलो. त्याचं कारण म्हणजे हे रीडायरेक्ट नंतर सांभाळायचे कुणी, याला धड उत्तर नसतं.

गूगलच्या सल्ल्यानुसार रीडायरेक्ट जमेल तितका काळ, निदान एक वर्ष तरी ठेवावेत. पण बाहेरच्या साइटींवरचे जुने दुवे वर्ष संपलं म्हणून बदलत नाहीत, म्हणजे व्यवहारात ते कायमच ठेवावे लागतात. आणि ते असतात कुठे? काही प्लगइनमध्ये, काही सर्व्हरच्या फाइलमध्ये, काही सीडीएनच्या (साइटच्या प्रती ठिकठिकाणांहून पुरवणाऱ्या सेवेच्या) पॅनेलमध्ये. लावणारा माणूस पुढच्या कामाला लागलेला असतो. मी सांभाळत असलेल्या एका साइटचं होस्टिंग बदललं, तेव्हा हे नीट कळलं. जुना सर्व्हर अपाचे होता, नवा एन्जिनएक्स; ही दोन वेगळी सर्व्हर-सॉफ्टवेअर. सगळ्या फाइली व्यवस्थित आल्या, रीडायरेक्टांनी भरलेली अपाचेची सेटिंग-फाइल डॉट-एचटीअ‍ॅक्सेसही आली, पण एन्जिनएक्स ती फाइल वाचतच नाही. साइट छान उघडत होती, मेनूतली प्रत्येक लिंक चालत होती, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. फक्त जुने पत्ते एकामागून एक ४०४ देत होते आणि ट्रॅफिक हळूहळू ओसरत होतं. होस्टिंगवाल्यांचं म्हणणं, फाइल तर आम्ही आणली आहे. तेही खोटं नव्हतं!

देवनागरी यूआरएल असतील तर हाच वैताग दुप्पट होतो. वर्डप्रेस या सीएमएसमध्ये स्लगला, म्हणजे पत्त्यातल्या पानाच्या नावाला, २०० अक्षरांची जागा असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्राही, एन्कोड झाल्यावर, म्हणजे टक्के-चिन्हं आणि इंग्रजी अक्षर-आकड्यांत बदलल्यावर, नऊ अक्षरं खातं. म्हणजे साधारण वीस-बावीस चिन्हांत स्लग तुटतो. मथळ्यांवरून अंदाजाने केलेला नकाशा तिथेच फसतो. त्यात वर्डप्रेस ही एन्कोडिंग स्मॉल अक्षरांत साठवतं, तर ब्राउझरमध्ये देवनागरीत टाइप केलेला पत्ता कॅपिटल अक्षरांत एन्कोड होऊन जातो. अक्षरन् अक्षर जुळवणाऱ्या नियमाला हे दोन वेगळे पत्ते. अपाचेचा रीराइट (पत्ता बदलणारा) नियम तर डीकोड झालेला, म्हणजे पुन्हा मूळ अक्षरांत आलेला, पत्ता तपासतो, त्यामुळे शीटमधून उचलून चिकटवलेली टक्के-चिन्हांची माळ कधी जुळतच नाही.

शिवाय तीन-चार वर्षांनी पुन्हा रीडिझाइन होतंच. मग पहिल्या पत्त्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी साखळी तयार होते. गूगलबॉट (पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम) अशा दहा उड्यांपर्यंत मागोमाग जातो, पण एकच उडी असावी हे बरं. म्हणजे प्रत्येक नव्या नकाशाबरोबर सगळे जुने नकाशेही दुरुस्त करायचे. हे काम कुठल्या कोटेशनमध्ये लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

जुने पत्ते ठेवले की ही कटकट मुळातच उरत नाही. त्रास होतो तो सुरुवातीला, डेव्हलपर कुरकुरतो, नव्या सीएमएसचं राउटिंग (कुठल्या पत्त्यावर कुठलं पान, याचे नियम) वाकवावं लागतं, मेनूत विभागाचं नाव एक आणि पत्त्यात दुसरंच दिसतं. हे शेवटचं क्लायंटला खुपतं, वाचणाऱ्याच्या मात्र सहसा लक्षातही येत नाही. आणि पत्ते तेच असूनही रँकिंग घसरलं, तर कारण शोधायला सोपं जातं. बहुतेक वेळा डिझायनरने ‘मोकळं दिसावं’ म्हणून मजकूर छाटलेला असतो, नाहीतर फुटरमधल्या अंतर्गत लिंक उडालेल्या असतात, किंवा मोबाइलवर अर्धं पान गायब असतं. गूगल इंडेक्ससाठी मोबाइलवरचंच पान धरतं, हे अजूनही खूपजण विसरतात. पत्ते आणि मजकूर एकाच दिवशी बदलले असते, तर नेमकं कशामुळे बुडालं यावरच महिनाभर वाद झाला असता.

अर्थात डोमेनच बदलायचं असेल तर इलाज नाही. एकाच पानाला पॅरामीटरवाले (प्रश्नचिन्हापुढे शेपूट जोडलेले) पाच पत्ते असतील किंवा पत्त्यातच मेलेल्या तंत्रज्ञानाचं एक्स्टेन्शन (टिंबापुढची अक्षरं) असेल, तर बदललेलं बरं. तेव्हाही तेवढेच बदलावेत, चालू पानांना हात लावू नये आणि डिझाइन स्थिरावल्यावरच हे काम काढावं, असं मला वाटतं. नवे पत्ते करताना त्यात एक्स्टेन्शन, लेखकाचं नाव, विभाग असलं काही घालू नका. हे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय, कारण नेमक्या याच गोष्टी पुढे बदलतात.

तुमची साइट छोटी असेल, दुवे मोजकेच असतील, तर यातलं काहीच जाणवणार नाही, खुशाल नवी रचना करा. मोठी आणि जुनी असेल, तर डेव्हलपरला काम देण्याआधीच विचारा की नव्या सीएमएसमध्ये जुने पत्ते तसेच चालवता येतील का. नाही म्हणाला, तर रीडायरेक्टची यादी कुठे राहणार, तिची प्रत कुणाकडे असणार आणि सर्व्हर बदलल्यावर जुने पत्ते उघडून कोण बघणार, हे करारात लिहून घ्या.