सिमिलानची डायव्हिंग बोट: केबिन नंतर, आधी कॉम्प्रेसर बघा

माझा धंदा एअर कॉम्प्रेसर दुरुस्तीचा, हिंगणा एमआयडीसीत. त्यामुळे बोटीवर पाय ठेवल्यावर बाकीची मंडळी वरच्या डेकवर फोटो काढून राहिली होती आणि मी विचारत होतो, हवा कुठे भरता?

ट्रिप होती थायलंडच्या सिमिलान बेटांची, चार दिवस, चौदा डायव्ह. खाणं, झोपणं, सगळं बोटीवरच. समुद्र आपल्या अंदमानचाच, फक्त पलीकडचा काठ. बेटांचा राष्ट्रीय पार्क मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतो, म्हणून आम्ही फेब्रुवारीत गेलो. मी आणि मावसभाऊ, दोघंही अंदमानात डायव्हिंगच्या ॲडव्हान्स्ड कोर्सपर्यंत शिकलेलो. नागपूरहून मुंबई, तिथून फुकेत, मग गाडीने खाओ लाक. नागपूर ते नागपूर माणशी दीड लाखाच्या आसपास गेले. आई म्हणाली, "बाप्पा! पाण्यात बुडायले इतके पैसे? अंबाझरी काय वाईट होती?"

बोटीचं नाव देत नाही, कारण तक्रारीही लिहिणार आहे आणि मालकीणबाई स्वभावाने चांगल्या आहेत.

तर कॉम्प्रेसर. आपल्या वर्कशॉपमधला 7-8 बारवर (बार म्हणजे दाबाचं माप) चालतो, हवेत तेलाचा वास आला तरी कुणाचं अडत नाही. इथे 200 बारला टाकी भरायची आणि ती हवा माणसाने छातीत घ्यायची. त्यात 30 मीटर खाली दाब चौपट, म्हणजे हवेत चुकून धुराचा कार्बन मोनॉक्साइड आला असेल तर त्याचाही जोर चौपट. मशीनवाल्याचं इंग्रजी माझ्याइतकंच, पण धंदा एक असला की भाषा फार लागत नाही. त्याने फिल्टरचं झाकण उघडून कोळसा आणि ओलावा शोषणारे दाणे दाखवले, कधी बदलले त्याची वही काढली, तास लिहिलेले. हवा ओढायचा पाइप इंजिनाच्या धुराड्यापासून लांब, पार वरच्या डेकच्याही वर नेलेला. मी त्या पाइपाला हात लावत लावत टोकापर्यंत गेलो. क्लॅम्प घट्ट, कुठे चीर नाही. त्या रात्री मी शांत झोपलो असतो.

असतो म्हणतो, कारण आमची केबिन सगळ्यात खालची, इंजिनाच्या भिंतीला लागून. किनाऱ्यापासून बेटं साठेक किलोमीटर, बोट रात्रभर चालते. धंद्यामुळे मला आवाजाची सवय आहे. मावसभाऊ मात्र सकाळी कानात कापूस घालून चहा शोधत होता. चहा म्हणजे गरम पाणी आणि पुडी. पैसे थोडे जास्त जातील, पण वरची केबिन घ्या.

दिवस सहाला घंटेने सुरू. फळ्यावर चित्र काढून गाइड सगळं समजावतो: प्रवाह कुठून, वळायचं कुठे, किती बारला खूण करायची. मग डायव्ह, नाश्ता, डायव्ह, जेवण, डायव्ह, आणि अंधार पडता पडता चौथी. आमच्या गाइडकडे आम्ही चारच जण होतो. हे बुकिंग करतानाच विचारून घ्या, आठ जणांमागे एक गाइड असेल तर मागचा माणूस काय करून राहिला ते त्याला दिसणारच नाही.

हवेचा हिशोब सांगतो. टाकी 11 लिटरची, 200 बार, म्हणजे ढोबळ 2200 लिटर. मी जाडा माणूस, मिनिटाला 20 लिटर ओढतो. 30 मीटरवर तेच 80. वर येताना 50 बार शिल्लक हवेत, म्हणजे त्या खोलीवर हातात जेमतेम वीस मिनिटं. आणि मला तीनदा 180 बारची टाकी मिळाली. घाईघाईत भरली की टाकी तापते, काटा 200 दाखवतो, थंड झाल्यावर दाब उतरतो. हे आमच्याकडे पोऱ्यालाही माहीत असतं. मागितलं की वरून भरून देत होते, पण मागावं का लागावं?

मोठी तक्रार भाड्याच्या जॅकेटची, म्हणजे हवा भरून-सोडून पाण्यात वरखाली व्हायचं ते. को ताचाई बेटाला प्रवाह जोरात, आम्ही दोरी धरून उतरत होतो. वीसेक मीटरवर माझं जॅकेट आपोआप फुगायला लागलं. इन्फ्लेटरचं, म्हणजे टाकीतली हवा जॅकेटात सोडायचं, बटन अडकलेलं. मी नळी काढली, वरची हवा सोडली, गाइडने माझा पट्टा पकडला आणि आम्ही सावकाश वर आलो, 5 मीटरवर तीन मिनिटं थांबून. वर आल्यावर त्याने स्वतःचं जादा जॅकेट दिलं. माणूस शंभर नंबरी. पण बटनात मीठ साचून दगड झालं होतं, म्हणजे किती दिवस कुणी उघडलंच नव्हतं. कॉम्प्रेसरची वही इतकी नीट ठेवणाऱ्यांनी भाड्याच्या सामानाची का ठेवू नये?

को बोन बेटाला मांटा, म्हणजे पंखांसारखे कल्ले असलेले मोठे चपटे मासे, दिसतात म्हणे. आम्हाला नाही दिसले.

रिचेलियू रॉक मात्र वसूल. घोड्याच्या नालेसारखा खडक, ओहोटीला टोक जरा वर येतं, बाकी सगळा पाण्याखाली जांभळ्या मऊ प्रवाळांनी मढलेला. गर्दी सीताबर्डीसारखी, चार बोटींचे लोक एकाच वेळी. पण गाइडने मला एका कपारीशी नेऊन काडीने दाखवलं: दोन झिंगे, बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे, पांढऱ्या अंगावर जांभळट ठिपके. दोघांनी मिळून एक तारामासा उलटा पाडला होता आणि त्याचा पाय टोकापासून खात होते. एक ओढतो, दुसरा पकडतो. खाली 22 मीटर, काटा 90 बारवर, आणि मी तिथेच.

खाण्याचं. मासे, कोंबडी खाणाऱ्याची चंगळ. मावसभाऊ माळकरी, आणि थाई स्वयंपाकात नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी, भाजीतही पडतं. आधी लिहून कळवलं होतं, तरी पहिल्या दिवशी पडलंच. दुसऱ्या दिवसापासून आचाऱ्याने त्याची कढई वेगळी केली. घरून नेलेली जवसाची चटणी त्यालाच जास्त आवडली.

नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजनवाली हवा), रात्रीचा टॉर्च, पार्कची फी, सगळं वेगळं. फी रोख बाहटमध्ये. ऑक्सिबेन्झोनवालं सनस्क्रीन 2021 पासून तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत बंद आहे, घरूनच ट्यूब बघून न्या.

शेवटच्या डायव्हनंतर लगेच विमानात बसता येत नाही, आम्ही पूर्ण दिवस खाओ लाकला थांबलो. तिथे पोलिसांची 813 नंबरची गस्ती बोट उभी आहे, 2004 च्या त्सुनामीने किनाऱ्यापासून खूप आत आणून टाकलेली, आजूबाजूला रस्ता आणि दुकानं. मावसभाऊ बराच वेळ काही बोलला नाही.

जॅकेटबद्दल मी मालकीणबाईंना लिहिलं, अडकलेल्या बटनाचा फोटोही पाठवला. दोन दिवसांत उत्तर आलं: माफी, सगळी जॅकेटं उघडून साफ करायला घेतली आहेत, आणि भाड्याचे पैसे पुढच्या फेरीत वजा करू. म्हणजे परत जावं लागणार. आईला अजून सांगितलं नाही.