शब्दांची यादी पाठ करावी की वाक्यं?

इंग्रजी शिकणाऱ्यापुढे दोन वाटा असतात: शब्द-अर्थाची यादी पाठ करणं, किंवा प्रत्येक शब्द वाक्यासकट उचलणं.

भाज्या, वार, नाती, अवयव यांना यादी पुरते. 'ब्रिंजल म्हणजे वांगं' एवढ्यावर काम भागतं.

क्रियापदापाशी मात्र यादी कोलमडते. 'से' म्हणजे सांगणे आणि 'टेल' म्हणजेही सांगणे, असं वहीत लिहिलं की मूल 'ही सेड मी' म्हणणारच. त्याऐवजी 'ही टोल्ड मी द ट्रुथ' आणि 'ही सेड समथिंग टू मी' शेजारी शेजारी लिहा. 'टेल'ला माणूस थेट चिकटतो, 'से'ला मध्ये 'टू' लागतो, हे नियम न सांगता दिसतं.

'पासून'ची गोष्ट तर आपल्या मराठी माणसांची खास. 'मी दोन वर्षांपासून इथे आहे' याचं आपण सरळ 'आय ॲम हिअर सिन्स टू इयर्स' करतो, आणि यादीत तर 'सिन्स म्हणजे पासून' बरोबरच होतं! 'आय हॅव बीन हिअर फॉर टू इयर्स' आणि 'आय हॅव बीन हिअर सिन्स 2022' ही जोडी मोठ्याने म्हणत राहिलं, की कालावधीला 'फॉर', सुरुवातीच्या क्षणाला 'सिन्स' हे जिभेवर बसतं. 'हॅव बीन'ही सोबत येतं.

वाक्यांची वाट हळू आहे. तासाभरात वीसऐवजी पाच-सहाच शब्द होतील. तरी मी तीच निवडेन. फक्त वाक्य आपल्या घरातलं हवं. आईने दूध आणायला सांगितलं, की पिशवी उचलताना म्हणावं: 'माय मदर टोल्ड मी टू ब्रिंग मिल्क.'